आयुक्तांवर अविश्वास ठराव: सही करण्याआधी काय बघावं?

सुनंदा_प्रभाग९

नमस्कार मंडळी. मी पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका आहे. आमची महापालिका 'ड' वर्गातली, सभागृहात ७८ जागा. याआधी पंधरा वर्षं बचत गटाचं काम केलं. त्यामुळे हिशेबाची वही, बँकेचं पासबुक, गटाच्या ठरावाची नोंद एवढं समजतं. महापालिकेच्या कायद्याचं पुस्तक आणून ठेवलंय, पण दोन पानं वाचली की वाट हरवते.

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास आमचे गटनेते घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. खालच्या अर्ध्या भागात नगरसेवकांची नावं टाईप केलेली आणि प्रत्येक नावापुढे सहीसाठी रेघ. माझं नाव सतरावं. माझ्या वरच्या चौदा जणांनी सह्या केलेल्या. कागदाचा वरचा अर्धा भाग मात्र कोरा होता. विचारलं तर म्हणाले, "आयुक्तांवर अविश्वास आणायचाय, मजकूर वकीलसाहेब उद्या टाकतील. ताई, तुम्ही फक्त सही करा." मी म्हटलं, सकाळी सांगते. त्यांना ते आवडलं नाही, पण कागद ठेवून गेले. आत्ता हे लिहिताना तो समोर टेबलावरच आहे.

आयुक्तांबद्दल माझीही तक्रार आहे, ती लपवत नाही. माझ्या प्रभागात चार दिवसांनी पाणी येतं. त्यासाठी बायकांना घेऊन गेले तर दोन तास दाराबाहेर बसवलं आणि शेवटी "साहेब मीटिंगला गेले" असं शिपायाने सांगितलं. पण याच आयुक्तांनी आमच्याकडच्या एका रस्त्याचं बिल अडवलंय. तो रस्ता कागदावर झालाय, जमिनीवर नाही. मी स्वतः तिथून रोज जाते. त्यामुळे त्यांना घालवण्याची घाई नक्की कोणत्या कारणाने चाललीय, हे मला कळेना.

जाणकारांना विचारायचंय. असा ठराव झाला की आयुक्त खरंच जातात का? किती मतं लागतात? मी गैरहजर राहिले तर चालतं का? आणि आयुक्त सोडून बाकीचे जे अधिकारी आहेत, शहर अभियंता, आरोग्य अधिकारी, उपायुक्त, त्यांना काढायचा अधिकार कोणाला असतो? पाण्याचं काम ज्यांच्याकडे आहे ते आयुक्त नाहीतच. मग दोष एकाचा आणि ठराव दुसऱ्यावर, असं तर होत नाही ना?

वि_ग_निवृत्त

सुनंदाताई, कोऱ्या कागदावर सही करू नका. आधी हे वाक्य, मग बाकीचं.

मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात एकतीस वर्षं काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. महासभेत पीठासनाच्या खाली जे टेबल असतं तिथे बसून इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. विषयपत्रिका काढणं, सूचक-अनुमोदकांची नावं टिपणं, मतं मोजणं हे सगळं या हातांनी केलंय. त्यामुळे तुमच्या टेबलावरचा कागद मला इथून दिसतोय.

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. मुंबईला स्वतःचा १८८८ चा कायदा आहे. दोन्हींत आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करतं, महापालिका नाही. १९४९ च्या कायद्यात हे कलम ३६ मध्ये आहे, मुंबईच्या कायद्यात कलम ५४ मध्ये. काढण्याचे रस्ते दोन. आयुक्त काम करायला असमर्थ आहे, त्याने गैरवर्तन किंवा हयगय केली आहे असं शासनाला वाटलं तर शासन आपणहून काढू शकतं. दुसरा रस्ता तुमच्या हातातला. एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच अष्टमांश जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, तर शासनाने त्याला ताबडतोब काढावं असं कायदा सांगतो.

पाच अष्टमांश हे उपस्थितांचे नाहीत, एकूण संख्येचे. तुमच्या सभागृहात ७८ चे पाच अष्टमांश म्हणजे ४८.७५, म्हणजे ४९ मतं. मुंबईच्या २२७ मध्ये १४२. त्या दिवशी साठच जण सभागृहात असले तरी ४९ च लागतात. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की गैरहजर राहणं आणि विरोधात मत देणं यांचा आकड्यावर परिणाम एकच. मात्र पक्षादेश, म्हणजे व्हीप, लेखी निघाला असेल तर गोष्ट वेगळी. १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हतेचा कायदा नगरसेवकांना लागू आहे. आदेश मोडून मत दिलं किंवा तटस्थ राहिलात तर पद जाऊ शकतं. तेव्हा व्हीप निघालाय का, आणि तो तुमच्या हातात पडलाय का, हे आधी बघा. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्यांना मताचा अधिकार नाही. राज्यघटनेतच तसं आहे. त्यांच्या सह्या यादीत असतील तर त्या मोजू नका.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. नवी मुंबईचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. तुकाराम मुंढे तिथे मे २०१६ मध्ये आयुक्त म्हणून आले. २५ ऑक्टोबर २०१६ ला विशेष सभेत त्यांच्यावर अविश्वास ठराव झाला. सभागृह १११ चं, म्हणजे ७० मतं पुरेशी होती. बाजूने शंभराहून जास्त पडली, विरोधात फक्त सहा. कायद्याने हवं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी मुंढे दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. शासनाने तो ठराव मान्य केला नाही, निलंबित केला, म्हणजे थांबवून ठेवला. महापालिकेचा कोणताही ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार कलम ४५१ ने शासनाला दिलेला आहे. आणि मग मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली, पुण्याला पीएमपीएमएलमध्ये, म्हणजे तिथल्या शहर बससेवेच्या कंपनीत. नाशिकला २०१८ मध्ये करवाढीवरून त्यांच्यावर पुन्हा अविश्वासाची तयारी झाली. तो ठराव मतदानाला येण्याआधीच मागे घेतला गेला, पण नोव्हेंबरात बदली झालीच. म्हणजे एकीकडे ठराव होऊनही माणूस राहिला, दुसरीकडे ठराव न होताही माणूस गेला. हे नीट लक्षात घ्या. कायद्यातली संख्या एक असते आणि मंत्रालयातलं वजन दुसरं.

हा ताण आजचा नाही. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली नेमले गेले. त्यांच्या नावाचं मार्केट सगळ्यांना माहीत आहे. गटारं, रस्ते, बाजार यांवर त्यांनी इतका खर्च केला की करदाते खवळले आणि १८७१ मध्ये मोठं आंदोलन झालं. क्रॉफर्ड गेले आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचं कॉर्पोरेशन आलं, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी बाजू घेतली ती अशी, की कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हातात राहू द्या, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला निवडून आलेली माणसं हवीत. तुम्ही आज त्या लक्ष ठेवणाऱ्यांच्या खुर्चीवर बसला आहात.

आता बाकीचे अधिकारी. तुमचा हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सभागृहात तो कोणी विचारत नाही.

अधिकारी कुठून आला हे आधी बघायचं. उपायुक्त बऱ्याचदा प्रतिनियुक्तीवर, म्हणजे दुसऱ्या विभागातून ठरावीक काळासाठी, आलेले असतात. त्यांचा मूळ विभाग मंत्रालयात. त्यांना महापालिका बडतर्फ करू शकत नाही, कार्यमुक्त करून मूळ विभागात परत पाठवू शकते आणि चौकशीसाठी शासनाला लिहू शकते. जे महापालिकेच्या आस्थापनेवरचे आहेत त्यांच्यासाठी कलम ५६. ठपका, वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली, पदावनती, सेवेतून काढणं, बडतर्फी हे सगळं त्यात येतं. सहायक आयुक्ताच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करायचं तर आयुक्ताला महासभेची पूर्वमान्यता घ्यावी लागते. आणि पदावनती, काढून टाकणं किंवा बडतर्फी यांपैकी काहीही करण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. त्याशिवाय दिलेला आदेश कोर्टात टिकत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एक प्रकार सांगतो. गाव सांगत नाही, माणसाचं नाव सांगत नाही.

आमच्याकडे एका वस्तीत काविळीची साथ आली. दोन महिन्यांत दीडशेवर माणसं आजारी. तिसरीत शिकणारी एक मुलगी गेली. महासभेत तिचे वडील प्रेक्षागृहात उभे होते, हातात तिचा शाळेचा फोटो. सभागृह पेटलं. विषयपत्रिकेवर विषय नव्हता, तरी आयत्या वेळी कोणीतरी उठून म्हणालं, पाणीपुरवठ्याच्या प्रमुखाला बडतर्फ करा. बाकं वाजली. महापौरांनी विचारलं, मंजूर? सगळे ओरडले, मंजूर. मी लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' माझ्या अक्षरात ती ओळ आजही त्या रजिस्टरमध्ये आहे. तिसऱ्या दिवशी आयुक्तांनी त्याच ठरावाचा हवाला देऊन बडतर्फीचा आदेश काढला. कारणे दाखवा नोटीस नाही, दोषारोपपत्र नाही, चौकशी अधिकारी नाही. शहराला बरं वाटलं.

तो अधिकारी कोर्टात गेला. कागदपत्रं जमवायचं काम माझ्याकडे आलं. पाणीपुरवठ्याची नस्ती, म्हणजे फाइल, उघडली तेव्हा त्यात तीन पत्रं सापडली. त्या वस्तीच्या कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेली. 'जलवाहिनी गटाराच्या खालून गेली आहे, सांधा गळतो आहे, तातडीने बदलणे आवश्यक.' तिन्हीवर आवक शिक्का, तिन्हींवर तारीख, आणि प्रमुखाच्या आद्याक्षरांखाली 'पाहिले'. पहिलं पत्र साथीच्या सात महिने आधीचं. म्हणजे माणूस दोषी होता. कागदावर, शिक्क्यासकट दोषी होता. चौकशी झाली असती तर ती तीन पत्रंच त्याला पुरी पडली असती. पण चौकशी झालीच नव्हती, त्यामुळे कोर्टासमोर प्रश्न एवढाच राहिला की त्याचं म्हणणं ऐकलं का. नव्हतं ऐकलं. आदेश रद्द झाला. तो सन्मानाने कामावर आला, मधल्या वर्षांचा पगार पालिकेच्या तिजोरीतून घेतला आणि वर्षभरात निवृत्त झाला. निरोप समारंभाला हार मीच आणला होता, कार्यालयाकडून. पुन्हा चौकशी लावायची मुभा कोर्टाने दिली होती. पण तोवर सभागृह बदललं होतं, आयुक्त बदलले होते, कोणाला त्यात रस उरला नव्हता.

त्या मुलीचे वडील नंतर दोनदा आमच्या कार्यालयात आले. त्या अधिकाऱ्याचं काय झालं, हे विचारायला. मी त्यांना काय सांगणार होतो?

म्हणून सांगतो ताई, कारण कागदावर हवं. कोणत्या तारखेला, कोणत्या नस्तीत, कोणी काय केलं किंवा केलं नाही. आयुक्ताविरुद्ध असो की अभियंत्याविरुद्ध. ज्यांना खरंच काढायचं असतं ते कारण लिहितात. 'मजकूर नंतर टाकू' असं म्हणणाऱ्याला माणूस काढायचा नसतो, त्याच्याकडून एखादं काम काढून घ्यायचं असतं. सह्यांचा कागद दाखवायचा, बिल सुटलं की कागद फाडायचा. असे फाटलेले कागद मी पाहिलेत.

सुनंदा_प्रभाग९

काका, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. त्या मुलीचं वाचून रात्री झोप लागली नाही.

कायद्याच्या पुस्तकात कलम ३६ आणि ५६ शोधून खुणा घातल्या. एक विचारायचंय. सभागृहात सगळे सारखं म्हणतात, "याला सस्पेंड करा, त्याला सस्पेंड करा." निलंबन केलं म्हणजे काढलं असं होतं का?

अभियंता_पश्चिम

याचं उत्तर मी देतो, कारण ते मी भोगलंय.

चौकशी होईपर्यंतचं निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून माणसाला कामापासून दूर ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. नोकरी जात नाही. पण बाहेरच्या जगात त्याचा अर्थ काय होतो ते सांगतो.

माझ्या हद्दीत एका अनधिकृत इमारतीचा फोटो पेपरात आला. त्या इमारतीला मी दोन नोटिसा बजावल्या होत्या आणि पोलीस बंदोबस्त मागितला होता, तो मिळाला नव्हता. फोटो सकाळी छापून आला, संध्याकाळी साडेसहाला माझ्या हातात निलंबनाचा आदेश. कोणी नस्ती मागवली नाही. आदेशात एकच ओळ, 'कर्तव्यात कसूर'. कोणतं कर्तव्य, कोणती कसूर, काही नाही.

पहिले तीन महिने निर्वाह भत्ता साधारण निम्म्या पगाराइतका. तोही आपोआप येत नाही. दर महिन्याला लिहून द्यावं लागतं की मी दुसरीकडे कुठेही नोकरी किंवा धंदा करत नाही. मुख्यालय सोडायचं तर परवानगी. आई सोलापूरला आजारी होती, तिला बघायला जायचा अर्ज अकरा दिवस टेबलावर पडून होता. मुलाच्या शाळेत फी उशिरा भरली तेव्हा क्लार्कने विचारलं, साहेब काही प्रॉब्लेम? बायकोने शेजाऱ्यांना सांगितलं की हे रजेवर आहेत. पाच महिने कोण रजेवर असतं?

दोषारोपपत्र पाचव्या महिन्यात आलं. चौकशीत दोन्ही नोटिसांच्या प्रती आणि बंदोबस्ताच्या पत्राची पोच मी दाखवली. दोषमुक्त झालो. पण कामावर घेताना अकार्यकारी पदावर घेतलं, आजही तिथेच आहे. इमारत अजून उभी आहे. तिच्यात आता भाडेकरू राहतात.

मुंबईचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांना १९९४ मध्ये निलंबित केलं होतं. अनधिकृत बांधकामं पाडण्यासाठी सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. ते कामावर परत आले २००० मध्ये. मी तर साधा माणूस.

ताई, सभागृहात "सस्पेंड करा" म्हणण्याआधी एकदाच विचारा की त्याच्या नस्तीत काय आहे. तुम्ही विचारलंत तर नस्ती आणावी लागते. आमच्यापैकी जो खरा चोर आहे त्याला नस्तीची भीती वाटते, निलंबनाची नाही. निलंबन तो रजा समजून काढतो.

वकील_ठाणे

वि. ग. काकांनी जवळजवळ सगळं सांगितलंय, मी दोन-तीन धागे जोडतो.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३११ म्हणजे सरकारी नोकराला मिळणारं संरक्षण, ते महापालिकेच्या कर्मचाऱ्याला थेट मिळत नाही. तो राज्याच्या सेवेत नसतो. म्हणून काही पदाधिकारी समजतात की पालिकेच्या माणसाला वाटेल तसं काढता येतं. तसं नाही. कलम ५६ आहे आणि नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे. चौकशी अहवालाची प्रत त्या माणसाला देऊन त्याचं म्हणणं घ्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये करुणाकर प्रकरणात सांगितलं. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये, हे २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. अभियंतासाहेब, तुमच्या वेळी हा निकाल कोणी दाखवला असता तर तुम्हाला दोन महिने आधी दाद मागता आली असती.

दुसरं, लाचेच्या प्रकरणात खटला भरायला जी मंजुरी लागते, ती त्या अधिकाऱ्याला पदावरून काढायचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्यानेच द्यायची असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १९. चुकीच्या हाताने सही झाली की आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. तेव्हा 'काढायचा अधिकार कोणाला' हा सुनंदाताईंचा प्रश्न नुसता माहितीचा नाही, त्यावर खटले उभे राहतात आणि पडतात.

आणि बदलीबद्दल. २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, १ जुलै २००६ पासून लागू. साधारण तीन वर्षं एका पदावर, आणि मुदतीआधी हलवायचं तर खास कारण लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची मान्यता. आयएएस अधिकाऱ्यांसाठी वेगळे नियम, तिथे किमान दोन वर्षांचा कार्यकाळ धरलाय. पिंपरी-चिंचवडला श्रीकर परदेशी २०१२ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये हलवले गेले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. बदली ही शिक्षा नाही असंच कायदा म्हणतो. त्यामुळे ती नाकारायला माणसाकडे फार कमी जागा असते आणि करणाऱ्याला सभागृहासमोर कारण सांगावं लागत नाही. अविश्वास ठरावाला निदान सभागृहात उभं राहून मत द्यावं लागतं, नाव नोंदलं जातं. माझ्या मते बदलीपेक्षा तो रस्ता जास्त प्रामाणिक आहे, जर कारणं लिहिलेली असतील तर.

वि_ग_निवृत्त

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. अविश्वास ठराव वाईट नाही. तो अधिकार मिळवायला माणसं झगडली आहेत. मार्च २०२२ नंतर मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत प्रशासक बसले, तेव्हा सभागृहाचे अधिकारही आयुक्तांच्याच हातात गेले. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच लक्ष ठेवणारा. त्या काळात लोक मला फोन करून विचारायचे, तक्रार कोणाकडे करायची? माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सभागृह भरलेलं बघितलं की मला बरं वाटतं, भांडणासकट.

ताई, पाण्याचं असं करा. सभेआधी लेखी प्रश्न टाका. तोंडी विचारू नका, तोंडी प्रश्नाचं उत्तर 'माहिती घेऊन सांगतो' असं येतं आणि तिथेच मरतं. विचारा की प्रभाग ९ च्या जलवाहिनीबाबत गेल्या दोन वर्षांत कनिष्ठ अभियंत्याकडून किती पत्रं आली, कोणत्या तारखांना, त्यावर काय कार्यवाही झाली, प्रत द्यावी. रस्त्याचंही तसंच. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि बिल, तिन्हींच्या प्रती. मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी लिहिलेली असते, आणि ती कोणी मोजली त्याची सही असते. टेप घेऊन जा आणि जमिनीवर मोजा. मग कोणाला काढायचं ते आपोआप दिसेल, आणि कोणत्या कलमाने तेही.

आयुक्तांविरुद्ध तुमची जी तक्रार आहे, दोन तास बसवल्याची, तीही लिहून ठेवा. तारीख, वेळ, बरोबर कोण होतं. उद्या कारणांसकट ठराव आला तर ते कारण त्यात जाईल. ते लहान नाही. पाण्यासाठी आलेल्या बायकांना न भेटणं ही हयगयच आहे.

सुनंदा_प्रभाग९

काका, वकीलसाहेब, अभियंतासाहेब, तिघांचेही मनापासून आभार. काल काय झालं ते सांगते.

गटनेते सकाळी आठलाच आले. मी कागद परत दिला आणि म्हटलं, वर कारणं टाईप करून आणा, तारखांसकट, मी वाचून सही करते. आणि त्यात माझं एक कारण घाला, पाण्याचं. त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, बचत गटात पंधरा वर्षं एकाही कोऱ्या चेकवर सही केली नाही. ते काही न बोलता गेले. दुपारी कळलं की माझ्यानंतरच्या यादीतल्या आणखी दोघींनी कागद परत पाठवलाय. त्यांना मी फोन केला नव्हता.

मोजमाप पुस्तिकेचा अर्ज काल दिला. आवक क्लार्क म्हणाला, ताई, हे असं कोणी मागत नाही. मी म्हटलं, शिक्का मारून पोच द्या. दिली. आणि आज सकाळी बचत गटातल्या चौघी जणी टेप घेऊन त्या रस्त्यावर गेलो. बिलात किती मीटर आहे ते कागद आल्यावर कळेल. आमच्या टेपने डांबर एकशे चाळीस मीटरवर संपतं, पुढे माती आहे. रेशन दुकानाच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली. काका, मोजताना कडेची साइडपट्टी धरायची की फक्त डांबर, एवढं सांगा.

वि_ग_निवृत्त

दोन्ही वेगळी मोजा, वेगळी लिहा. पुस्तिकेतही ती वेगळीच असतात. आणि मोजताना चौघींचीही नावं खाली लिहून सह्या घ्या, वेळेसकट.